‘आरडीत बँक निम्मं व्याज गिळते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गोव्यातल्या बऱ्याच ग्रुपांवर बचतीसंबंधीचा एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आरडीवर, म्हणजे दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायच्या ठेवीवर, बँक सात टक्के सांगते आणि पावणेचार देते, म्हणून आरडी मोडा. सात टक्के देणाऱ्या बँकेत बचत खातं काढा आणि सगळं तिथे हलवा, त्या व्याजावर करही नाही. एकाच बँकेच्या पाच शाखांत पाच खाती ठेवलीत तर 25 लाख सुरक्षित. थोडं बायकोच्या नावावर टाका, कर वाचेल. जुनी खाती आहेत तशी सोडा, बँक काय करणार आहे? शेवटी हात जोडलेले इमोजी आणि पुढे पाठवण्याची विनंती.

ज्याने हे लिहिलं त्याला व्याजाचं गणित जमलेलं नाही, आणि गोवा तर त्याने लक्षातच घेतलेला नाही.

आधी गणित. महिना 5,000 रुपयांची एक वर्षाची आरडी, दर 7 टक्के. वर्षाअखेर 60,000 भरून झाले आणि हातात साधारण 62,300 आले. मेसेज म्हणतो, 60,000 चे सात टक्के 4,200 होतात, बँकेने 1,900 गिळले. पण ते 60,000 वर्षभर बँकेत होतेच कुठे? पहिला हप्ता बारा महिने राहिला, दुसरा अकरा, तिसरा दहा, आणि शेवटचा जेमतेम एक महिना. सरासरी काढली तर प्रत्येक हप्ता साडेसहा महिने राहिला. म्हणजे वर्षभर सरासरी 32,500 रुपये खात्यात होते. त्याचे सात टक्के 2,275 होतात, आणि तिमाही चक्रवाढीने वर थोडे चढतात. प्रत्येक रुपयाला, तो जितके दिवस होता तितक्या दिवसांचे, पूर्ण सात टक्केच मिळाले. कळंगुटची खोली सहा महिने भाड्याने देऊन बारा महिन्यांचं भाडं मागावं, तसला हा हिशेब आहे.

मुदत वाढली की हा घोटाळा आणखी मोठा दिसतो. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीला ऑक्टोबर 2023 पासून 6.7 टक्के दर लागू झाला. त्या दराने महिना 5,000 भरले तर पाच वर्षांत 3,00,000 जातात आणि 3,56,830 परत येतात. पाच वर्षांत एकोणीस टक्केच वाढ झाली म्हणून कोणी नाक मुरडत असेल, तर त्याने तोच 5,000 चा हप्ता बचत खात्यात पडू दिला असता तर काय झालं असतं तेही मांडावं. स्टेट बँकेत जून 2025 पासून बचत खात्याचा दर अडीच टक्के झाला. वरच्या एका वर्षाच्या उदाहरणात 2,300 च्या जागी आठशेच्या आसपास मिळतील. फसवणूक शोधायचीच असेल तर ती पगार खात्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पैशात शोधावी.

हां, ज्याच्याकडे 60,000 एकरकमी आहेत त्याने आरडी करू नये, सरळ मुदत ठेव करावी. आरडी त्याच्यासाठी आहे ज्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात. चवथीचा खर्च, मुलाची फी, जूनआधी छपरावर घालायचे पत्रे, असं कधी लागणार ते ठाऊक असलेलं काहीतरी. मोडताना मात्र नियम बघावे लागतात. बँका साधारणपणे झालेल्या काळाच्या दरातून थोडा दंड कापतात. पोस्टाची आरडी तीन वर्षांआधी मोडता येत नाही, आणि नंतर मोडली तर बचत खात्याचा 4 टक्के दर मिळतो, मग मुदत संपायला एक दिवस का उरलेला असेना. हप्ता चुकला तर शंभरामागे एक रुपया. चार हप्ते चुकले तर खातं बंद पडतं, आणि ते पुन्हा चालू करायला दोन महिने मिळतात. मेसेजने खरोखर उपयोगाचं काही सांगायचं असतं तर हे सांगितलं असतं.

आता सात टक्क्यांचं बचत खातं. असे दर काही छोट्या बँकांनी दिलेले आहेत, खोटं नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचे दर बँकांवर सोडले, मात्र एक लाखापर्यंतच्या शिलकीला प्रत्येक बँकेने सगळ्यांना सारखाच दर द्यायचा. त्याच्या वर रकमेप्रमाणे दराच्या पायऱ्या. बहुतेक ठिकाणी मोठा आकडा वरच्या पायरीवर लिहिलेला असतो आणि तो दर त्या पायरीच्या वर असलेल्या रकमेलाच लागतो. तुमच्या खात्यात 80,000 असतील तर फलकावरच्या सात टक्क्यांशी तुमचा संबंध नाही. पहिल्या पायरीचा दर किती आणि किमान शिलकीची अट काय, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. स्टेट बँकेने ही अट 2020 मध्येच काढली, 2025 मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल वगैरेंनीही काढली. खासगी बँकांत ती बहुतांशी आहे, आणि दोन-तीनदा शिल्लक घसरून दंड बसला की वर्षाचं व्याज त्यातच जातं.

‘दहा तारखेच्या आत भरा’ हा जुना सल्लाही त्या मेसेजमध्ये घुसडलेला आहे. बँकांत 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकीवर व्याज मोजतात, तिथे दहा तारखेला काही अर्थ उरलेला नाही. पोस्टाच्या बचत खात्यात मात्र आहे. तिथे दहा तारीख ते महिनाअखेर या काळातली सर्वांत कमी शिलकीची रक्कम धरतात.

कर नाही हे साफ चूक. बचत खात्याच्या व्याजावर बँक टीडीएस (व्याज देतानाच कापायचा कर) कापत नाही, म्हणून लोकांचा समज होतो. व्याज तुमच्या उत्पन्नात धरावंच लागतं. जुन्या करप्रणालीत बचत खात्याच्या व्याजाला 10,000 पर्यंत वजावट आहे, ज्येष्ठांना मुदत ठेव आणि आरडी धरून 50,000 पर्यंत. नव्या प्रणालीत दोन्ही नाहीत.

आणि बायकोच्या नावाची युक्ती! ती इथे वाचली की हा मजकूर गोव्याबाहेर तयार झालाय हे लगेच कळतं. देशात इतरत्र बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या पैशातून बायकोच्या नावावर ठेव केली तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणून 1961 च्या आयकर कायद्यात कलम 5ए आलं: पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटायचं. घरभाडं, धंदा, बँकेचं व्याज, सगळं. आरडी कुणाच्याही नावावर असो, व्याजाचा अर्धा भाग नवऱ्याच्या विवरणपत्रात आणि अर्धा बायकोच्या. पणजीतल्या कुठल्याही सीएच्या टेबलावर ‘फाइव्ह-ए’ हा रोजचा शब्द आहे. युक्ती करायची गरजच नाही, वाटणी कायद्यानेच करून ठेवली आहे. उलट नवऱ्याने सगळं व्याज स्वतःकडे दाखवून बायकोचं विवरणपत्र भरलंच नाही, अशी घरं पुष्कळ सापडतील.

याच कायद्यामुळे नॉमिनीबद्दलही गैरसमज होतो. 1 नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात, जरूर लावावेत. पण नॉमिनी पैसे बँकेतून उचलणारा असतो, मालक ठरतोच असं नाही. सामाईक मालमत्तेतला जोडीदाराचा अर्धा हिस्सा आधीपासूनच त्याचा असतो, उरलेल्याचा निकाल वारसाहक्काप्रमाणे लागतो.

पाच शाखांचा सल्ला सगळ्यांत धोक्याचा, आणि तो गोव्यात पसरावा याचं मला खरंच नवल वाटतं. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, 5 लाखांपर्यंत आहे. म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा, वास्को अशा पाच शाखांत पाच-पाच लाख ठेवलेत तरी सगळं एकत्र मोजतात. 25 लाखांतले 20 उघड्यावर. विम्यासाठी वेगवेगळ्या बँका लागतात. संयुक्त खात्याचा हिशेब वेगळा धरतात, पण तो नावांच्या क्रमावर अवलंबून असतो.

गोव्याला हे पुस्तकातून शिकायची वेळ नाही. म्हापसा अर्बन बँकेवर बरीच वर्षं निर्बंध होते आणि एप्रिल 2020 मध्ये परवाना गेला. विम्याची मर्यादा त्याच्या थोडंच आधी, 4 फेब्रुवारी 2020 ला, एक लाखावरून पाच लाख झाली होती. 1993 पासून ती एका लाखावर अडकलेली होती. मग जुलै 2021 मध्ये मडगाव अर्बनचा परवाना रद्द झाला. त्याच वर्षी कायदा बदलला, आता निर्बंध आले की विम्याची रक्कम साधारण नव्वद दिवसांत मिळायची तरतूद आहे. त्याआधी लोक पासबुक घेऊन वर्षानुवर्षं वाट बघत बसायचे.

पतसंस्थांना हा विमा नाहीच. बाजारात रोज संध्याकाळी छोटं यंत्र घेऊन पिग्मीवाला येतो, शंभर रुपये घेतो, पावती फाडून देतो. मासळीवालीला दुकान सोडून बँकेत जायला सवड नसते, तिच्यासाठी ही सोय मोलाची आहे. पण पावतीवर वर नाव कुणाचं छापलंय, बँकेचं की क्रेडिट सोसायटीचं, हे एकदा वाचून घ्यावं. तिच्या रोजच्या शंभराला विमा आहे की नाही ते त्यावर ठरतं.

जुनी खाती सोडून द्यायची गोष्ट. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. बुडत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधता येतात, पण मग कागदपत्रांचा खटाटोप आला. एप्रिल 2024 पासून निष्क्रिय खात्याला किमान शिलकीचा दंड लावायचा नाही आणि ते पुन्हा चालू करायला पैसे घ्यायचे नाहीत, असा नियम आहे. म्हणजे आता जाऊन ते चालू किंवा बंद न करायला कारण सांगण्यासारखं उरलेलं नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्या किंवा आखातात नोकरी करणाऱ्या मुलाचं इथलं साधं बचत खातं तर तसं ठेवताच येत नाही, ते एनआरओ (अनिवासींचं, इथल्या पैशासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं, आणि त्याच्या व्याजावर 30 टक्क्यांनी टीडीएस कापला जातो. तिकडची कमाई एनआरई खात्यात (अनिवासींच्या परदेशी कमाईसाठीच्या खात्यात) ठेवली तर अनिवासी असेपर्यंत व्याजाला इथे कर नाही. डिसेंबरात तो सुट्टीवर येईल तेव्हा त्याला शाखेत घेऊन जा.