ढाल नव्हे, परात होती ती

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या भावकीच्या ग्रुपवर अण्णांनी एक फॉरवर्ड टाकला. चौदा जुने फोटो आणि वर मथळा, ‘जगातल्या लढवय्या जमाती, अस्सल फोटो, पुस्तकात सापडणार नाहीत’. जपानचे सामुराई, दक्षिण आफ्रिकेतले झुलू भालाईत, पिसांचा टोप घातलेले अमेरिकेतले आदिवासी, खुकरीवाला गुरखा आणि सगळ्यात वर एक मावळा. खाली चार वाक्यं होती. फोटो खोटं बोलत नाही. त्या काळी माणूस शस्त्राशिवाय उंबरा ओलांडत नव्हता. खुकरी म्यानातून निघाली की रक्त चाखल्याशिवाय आत जात नाही. आणि भाले-तलवारीवाले हरले, कारण त्यांना बंदूक ठाऊकच नव्हती. दुपारपर्यंत तोच फॉरवर्ड आणखी चार ग्रुपांवर दिसला. अण्णा वडीलधारे, म्हणून तिथं काही बोललो नाही. पण अंबाजोगाईत आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांपासूनचा, त्यामुळे गप्पही बसवेना.

मावळ्याचं आधी उरकतो. फोटोखाली १६७० लिहिलंय. तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले ते हे साल. फोटो काढायची रीत पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ साली. मधली एकशे एकोणसत्तर वर्षं कुणी भरून काढायची?

आता ‘फोटो खोटं बोलत नाही’. एकोणिसाव्या शतकात फोटो काचेवर निघायचा. काचेला रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. तेवढी काही सेकंदं समोरच्यानं हलायचं नाही. डोकं हलू नये म्हणून मानेमागं लोखंडी चिमटा लावलेला असे. वार करायला उगारलेली तलवार दिसते ना, तो वार नसतो. मनात आकडे मोजत उभा असलेला माणूस असतो तो.

शिवाय तलवार कुणाची, हाही प्रश्न आहेच. आमच्या वडिलांकडं एक लाकडी तलवार होती, चंदेरी रंग मारलेली. एका तमाशाच्या फडानं उधारीपोटी दिलेली. मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वडील पाल टाकायचे, मागं रंगवलेला पडदा, आणि गिऱ्हाईक तलवार हातात घेऊन उभं राहायचं. ढाल नव्हती, म्हणून आईची पितळी परात उलटी धरायला द्यायचे. गावोगावच्या बैठकीत ते फोटो अजून टांगलेले आहेत आणि नातवंडं म्हणतात, आमचे आजोबा शूर होते. असतीलही. पण परात आमची होती.

जपानच्या योकोहामा बंदरातही हाच धंदा चालायचा, फक्त मोठ्या प्रमाणावर. फेलिचे बीटो नावाच्या फोटोग्राफरनं १८६३ पासून तिथं सामुराईंचे फोटो काढले. पुढं १८७६ मध्ये जपान सरकारनं सैन्य, पोलीस असे काही सोडून बाकीच्यांना तलवार लावून फिरायला बंदी घातली. तरी सामुराईचे फोटो विकले जातच राहिले, उलट खप वाढला. कुसाकाबे किम्बेईच्या स्टुडिओतले हातानं रंगवलेले फोटो परदेशी प्रवासी आठवण म्हणून घेऊन जात. चिलखत घालून उभा राहणारा बहुतेक वेळा पैसे घेऊन उभा राहिलेला असे. अमेरिकेत एडवर्ड कर्टिसनं १९०७ ते १९३० या काळात आदिवासींच्या फोटोंचे वीस खंड काढले. त्यातल्या एका फोटोत पिगन जमातीची दोन माणसं तंबूत बसलीत. मूळ काचेवर त्यांच्या मधोमध एक घड्याळ आहे, छापताना ते खोडलंय. आदिवासी म्हटला की घड्याळ शोभत नाही, भाला शोभतो, हे फोटोग्राफरनं ठरवलं.

आपल्याकडचं सांगायचं तर १८५७ नंतर इंग्रजांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले, १८६८ ते १८७५. जातीजमातींचे फोटो आणि शेजारी शेरे, कोण भरवशाचं, कोण दांडगं. त्या खंडांत हातातलं शस्त्र म्हणजे सरकारी नोंद. लाला दीनदयाळांच्या सिकंदराबादच्या स्टुडिओत मात्र उलटं. ते सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर, आणि आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात. तिथं सरदार आपली जडावाची तलवार आपल्या हौसेनं लावून येत. लग्नात नवरदेवाच्या हातात कट्यार असते, तसंच. आणि ‘शस्त्राशिवाय उंबरा ओलांडत नव्हता’ म्हणावं, तर ब्रिटिश मुलखात १८७८ च्या कायद्यानं शस्त्राला परवाना लागायला लागला होता.

गंमत म्हणजे ग्रुपवर एका पुतण्यानं नेमका एकच फोटो खोटा ठरवला, पिरॅमिडपुढं स्फिंक्सजवळ उभे असलेले सामुराई. ‘एडिट केलाय काका’ म्हणे. अरे बाबा, तोच खरा आहे! १८६४ मध्ये जपानचं शिष्टमंडळ फ्रान्सला निघालं होतं, योकोहामा बंदर परकीयांना बंद करावं ही मागणी घेऊन. वाटेत इजिप्तला थांबले, तेव्हा बीटोच्या भावानं, अंतोनियोनं, तो फोटो काढला.

खुकरीचं रक्त म्हणजे शुद्ध पर्यटकांना सांगायची गोष्ट. नेपाळी घरात खुकरीनं लाकडं फोडतात, बकरं कापतात, भाजी चिरतात. कांदा चिरला की रक्त कुणाचं काढायचं?

बंदुकीचं वाक्य मात्र मला खटकलं, कारण ते हरलेल्याला अडाणी ठरवतं. २२ जानेवारी १८७९ ला इसांडलवाना इथं झुलूंनी ब्रिटिश फौजेची छावणी कापून काढली. समोर मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, आणि तरी ब्रिटिशांच्या बाजूची तेराशेहून जास्त माणसं एका दिवसात पडली. झुलूंकडंही बंदुका होत्या, जुन्या का असेनात. फोटोवाल्यानं त्यांच्या हातात भाला आणि ढाल दिली, कारण विलायतेत तेच खपायचं. आणि आपण तरी हे पुढं ढकलावं? विजापूरची मुलूख मैदान तोफ आधी आपल्या परांड्याच्या किल्ल्यावर होती, १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली. दौलताबादला जाऊन मेंढा तोफ बघा. इथल्या माणसाला दारूगोळ्याचा वास चांगला माहीत होता.

नवव्या फोटोवर तर मी कपाळाला हात लावला. उंच निळी पगडी, तिच्यावर पोलादी चक्रं, आणि खाली लिहिलंय ‘लुप्त झालेली योद्धा जमात’. अण्णा, ते निहंग आहेत, शिखांमधले शस्त्रधारी. नांदेडला दसऱ्याला हल्ला-महल्ल्याची मिरवणूक निघते, तेव्हा हुजूर साहिब गुरुद्वाराच्या बाहेर उभं राहा. लुप्त झालेले तुमच्या अंगावरून घोडे दामटतील.

शेवटी एक, जे फॉरवर्डमध्ये नाही. फोटोतलं निम्मं ‘शस्त्र’ हे औजार असतं. गोफण घ्या. हुरड्यात आलेल्या ज्वारीवरची पाखरं हाकायला माळ्यावर बसलेल्या पोराच्या हातात ती असते. त्याचा फोटो काढून लंडनला धाडला असता, तर खाली काय लिहिलं असतं? आणि आमच्या बीडचा ऊसतोडीचा कोयता? इथं मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेली बिऱ्हाडं साखर कारखान्यांकडं निघतात, आणि निघायच्या आधी काही जण आमच्याकडं फोटोला येतात.

मागच्या वर्षी एक जोडपं आलं होतं, सोबत तीन वर्षांची पोर. नवऱ्याच्या पिशवीत नवी धार लावलेले दोन कोयते. माझ्या डोक्यात तेव्हा कर्टिस-बिर्टिस काही नव्हतं, पण फोटो उठावदार होईल असं वाटलं, म्हणून म्हटलं, कोयता घ्या की हातात. तो घ्यायला वाकलाही.

बायको म्हणाली, “काय करायलाव? ठिवा तिकडं. सहा महिने तेच हातात असतंय.” आणि पोरीला त्याच्या कडेवर दिलं.