भाताखातर खातर

बडोद्याच्या मराठी माणसाने भात लावायचा म्हटलं की पहिली अडचण भाषेची. डभोईकडे भाताच्या पिकाला डांगर म्हणतात आणि आमच्या दांडिया बाजारात उडदाच्या पिठाचं डांगर ताकात कालवून खातात. खताला तिकडे खातर. ‘भाताखातर कोंबड्यांचं खातर’ हे मला कळतं, पण टेम्पो गल्लीतून जाताना ते कुठल्याच भाषेत कुणाला पटवता येत नाही.

नाकाला पदर लावणाऱ्या काकूंना माझं एकच सांगणं: तुमच्याइतकंच माझंही नुकसान होतंय. तो वास म्हणजे अमोनिया, अमोनियात नत्र, आणि पैसे मोजलेत ते नत्रासाठीच.

ताजी विष्ठा रोपं जाळते, माश्या जमवते. म्हणून कुजवायची. तिच्यात नत्र फार, कार्बन कमी. तेव्हा वजनाला वजन कापलेला पेंढा घालायचा. एक टन विष्ठा कोपऱ्यात मावते. एक टन पेंढा आला की कोपराच काय, गोठाही दिसत नाही. लिटरमधलं, म्हणजे कोंबड्यांखाली अंथरलेलं, भाताचं तूस यात धरू नका. लिग्निन आणि सिलिका अंगात असल्यामुळे ते न कुजता अधिकमासातल्या जावयासारखं बसून राहतं. ढीग मीटरभर उंच, ओलावा ५० ते ६० टक्के. ओलावा तपासायचा म्हणजे मूठभर घेऊन दाबायचं, एखाद-दुसरा थेंब यावा. मूठ कोणी दाबायची, यावर मात्र शास्त्र गप्प आहे.

आत ५५ ते ६५ अंश तापायला हवं, दर ८-१० दिवसांनी पलटी. सडक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त, डोळे झोंबले तर पेंढा कमी. ६ ते ८ आठवड्यांनी पलटी देऊनही तापेना आणि ओल्या मातीचा वास आला, की खत तयार. जुलैची लावणी गाठायची तर हे सगळं बडोद्याच्या मे महिन्यात, हे ओघानं आलंच.

एकरी एक टन, ऐन चिखलणीच्या वेळी पसरून लगेच गाडायचं. आठवडाभर कोरड्या रानात पडलं तर उरल्यासुरल्या अमोनियमचं नायट्रेट होतं आणि पाणी भरल्यावर तेही वायू होऊन उडतं.

टनात साधारण २० किलो नत्र. पैकी अंदाजे निम्मं या हंगामात मिळतं. म्हणजे एकरी युरियाची ४५ किलोची अर्धी गोणी कमी करायची. ती कोणी करत नाही. मग शेत असं काळंभोर हिरवं होतं की बांधावरून जाणारा थांबून कौतुक करतो. करपा रोग आणि तुडतुडे किडेही थांबतात, ते मुक्कामाला.