खांबाआडची खुर्ची

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या किंग स्ट्रीटवरच्या ओल्ड विक नाट्यगृहात परवा मी खांबामागे बसून नाटक पाहिलं. तिकीट स्वस्त होतं आणि विकतानाच बजावलं होतं की रंगमंचाचा काही भाग दिसणार नाही. अर्धं नाटक मान डावीकडे कलती करून, अर्धं उजवीकडे. मला त्याचं काही वाटलं नाही. लहानपणी वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात धयकालो, म्हणजे दशावतारी नाटक, असायचा, तेव्हा देवळाच्या सभामंडपात मोठी माणसं पुढे आणि आम्ही पोरं खांबामागे. राजाचं सिंहासन म्हणजे एक लाकडी बाकडं. संकासूर आला की आम्ही खांबाला मिठी मारायचो.

ब्रिस्टलचं हे नाट्यगृह 1766 मध्ये उघडलं. तेव्हा नाटकाचा परवानाच नव्हता, म्हणून मालकांनी जाहिरात दिली ती संगीताच्या मैफलीची, सोबत वक्तृत्वाचा नमुना! परवानगीतून पळवाट काढण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे असं समजणाऱ्यांना हे सांगायला मला फार आवडतं. छताच्या वर लाकडी पन्हळ आहे. तिच्यातून तोफेचे गोळे सोडले की प्रेक्षकांच्या डोक्यावरून ढग गडगडत जातात. आमच्याकडे ते काम मृदंग आणि झांज करतात, आणि गोळे चुकून खाली येण्याची भीती नसते.

गेल्या डिसेंबरात मी गावी होते. तालुक्याच्या नाट्यगृहात मुंबईचं नाटक होतं, ते दीड तास उशिरा सुरू झालं. फ्यूज उडाला होता आणि विजेच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती तो लग्नाला गेला होता. माझ्या खुर्चीच्या मखमलीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. पडदा निम्म्यावर अडकला, कारण खाऱ्या हवेनं त्याची कप्पी गंजलेली. एसीची यंत्रं भिंतीवर होती, चालू एकही नव्हतं, आणि एसीसाठी म्हणून खिडक्या कायमच्या बंद करून टाकलेल्या. मध्यंतरात नायिकेचं काम करणारी बाई साडीचा ओचा वर धरून स्वच्छतागृहातून बाहेर आली. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या खळ्यात वाद रंगला. दादाचं, म्हणजे माझ्या चुलतभावाचं, म्हणणं असं की ही इमारत पाडावी आणि खाली दुकानं, वर एसी सभागृह असं नवं संकुल बांधावं. काकांचं म्हणणं, आपल्या लोकांना जपायची अक्कलच नाही, बघ ते गोरे अडीचशे वर्षांचं नाटकघर कसं सांभाळतात. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. परदेशात राहणाऱ्या माणसाला गावी आलं की पंच म्हणून बसवतात.

मला दोघांचंही पटलं नाही. काकांना आधी सांगितलं की गोऱ्यांना काही जन्मजात अक्कल नसते. ब्रिस्टल हे गुलामांच्या व्यापारावर गबर झालेलं बंदर. त्या नाट्यगृहात सुरुवातीला पैसे घालणाऱ्यांतल्या काहींचा पैसा त्याच धंद्यातला होता, आणि हे आता नाट्यगृह स्वतः सांगतं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर 2020 मध्ये लोकांनी अशाच एका व्यापाऱ्याचा पुतळा ओढून पाण्यात टाकला. शिवाय ही इमारतसुद्धा हातची जाणार होती. 1942 मध्ये, ऐन युद्धात, ती विकायला काढली होती. लोकांनी आवाहन करून निधी उभारला, ट्रस्ट केला, सरकारी पैशावर चालणाऱ्या कलामंडळानं ती भाड्यानं घेतली आणि 1946 पासून तिथे नाटक कंपनीच बसवली. म्हणजे संस्कार वगैरे नंतर. आधी वर्गणी, मग भाडेकरू, मग रोजचं नाटक.

दादा मध्येच म्हणाला, "तुमच्या थंय पाऊस कमी पडता म्हणान गळणा नाय. हंयचो पाऊस घाल त्या छपरार, मगे बघ."

त्याचा मुद्दा खरा आहे. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, ब्रिस्टलला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण मग बंदिस्त काचेची एसी पेटी हे त्यावरचं उत्तर कसं? अशी इमारत दोन पावसाळे नुसती बंद राहिली की आतून कुजते. जांभ्याच्या भिंती, उतरतं छप्पर, समोरासमोर खिडक्या, हे आपल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. वेंगुर्ल्यातली डचांची वखार बघा. जाड भिंती अजून उभ्या आहेत, पण आत वावर नाही म्हणून तिची रया गेली. नवीन इमारतीचंही तेच होणार, फक्त उद्घाटनाची कोनशिला ताजी असेल.

आमच्या देवळात बाकडं कधी हरवलं नाही, कारण ते कुणाच्या घरून यायचं हे ठरलेलं होतं. तेल एका घराचं, मंडप दुसऱ्याचा, दशावताराच्या सामानाच्या पेटाऱ्याबरोबर आलेल्या नटमंडळींचं जेवण आमचं. मानाची कामं म्हणजे खरं तर देखभालीची वाटणीच होती. जातीच्या उतरंडीवर बेतलेली, हेही खरं, आणि ती तशीच परत यावी असं मी म्हणणार नाही. पण नाट्यगृहाला असं कोणीच नाही. इथे ब्रिटनमध्ये बऱ्याच नाट्यगृहांत तिकिटामागे एखादा पाउंड डागडुजीसाठी वेगळा घेतात आणि तिकिटावर तसं सांगतात. आपल्याकडे लाखोंचा निधी एकदम येतो, रंग लागतो, मग दहा वर्षं काही नाही. मी म्हटलं, पाडू नका, नवंही बांधू नका. एक माणूस पूर्ण पगारावर ठेवा. त्याला कप्पीला तेल घालता यावं, फ्यूज बदलता यावा, आणि किल्ली त्याच्याच कमरेला असावी. पावसाळ्यात नाटकं नसतात तेव्हा हॉल शाळांना, भजनी मंडळांना, दशावताराच्या तालमींना द्या. खिडक्या उघडतील तरी.

"आणि पगार कोण देतलो?" दादानं विचारलं.

"तिकिटामागे दहा रुपये."

"तू वर्साक कितीक तिकिटा काढतलंस?"

मी वर्षाला पंधरा दिवस येते. आमचं नटमंडळींचं जेवणसुद्धा आता मी ब्रिस्टलहून पैसे पाठवते आणि केटररवाला करतो. मी आत जाऊन चहा ठेवला.