छावणीत मैफली होत होत्या, म्हणून छळ झालाच नाही?

आमच्या सोलापूरच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर परवा एक संदेश आला आणि तबला शिकणाऱ्या पुतण्याने मला विचारले, "काका, हे खरं आहे का?" संदेशात म्हटले होते की हिटलर संगीताचा जाणकार होता, त्याने सुमार संगीतावरच बंदी घातली, ज्यू संगीतकारांना छावणीतही मैफली करू दिल्या आणि आज त्यांच्या रचना वाजतात त्या केवळ दयेपोटी.

हिटलरला जर्मन संगीतकार वाग्नर प्रिय होता, एवढे खरे. पण सुमार संगीतावरच बंदी होती, तर ज्यू घराण्यात जन्मलेल्या आणि १८४७ साली वारलेल्या थोर जर्मन संगीतकार मेंडेल्सनचा लाइपझिगमधला पुतळा १९३६ मध्ये का हटवला? बंदी जन्मावर होती. १९३० च्या लष्करी कायद्यात ज्या सोलापुरात गांधी टोपी घालणेही गुन्हा ठरले, तिथल्या माणसांना हे समजावून सांगावे लागावे, याचे वाईट वाटते.

सर्वांत घातक मुद्दा मैफलींचा आहे. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या टेरेझिनच्या नाझी छावणीत तिथलाच कैदी असलेल्या हान्स क्रासाच्या 'ब्रुंडिबार' या बालसंगीतिकेचे ५५ प्रयोग झाले, हे खरेच आहे. २३ जून १९४४ रोजी रेडक्रॉसचे पाहुणे आले तेव्हाही ती दाखवण्यात आली. पण छावणीत गर्दी दिसू नये म्हणून त्याआधी मे महिन्यातच ७,५०३ जणांना ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवले होते, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. पुढे प्रचारपट काढला गेला, त्यात कैदी संगीतकार पावेल हासची तंतुवाद्यांसाठीची रचना वाद्यवृंदाचा संचालक, कैदीच असलेल्या कारेल आन्चेर्लने वाजवून घेतली. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरच्या गाडीने हास, क्रासा आणि तिथलाच आणखी एक संगीतकार व्हिक्टर उलमान ऑशविट्झला गेले आणि तिथे मारले गेले. छावणीतल्या मैफलींना मोकळीक म्हणणाऱ्याने एवढी तारीख तरी पाहायला हवी होती.

उरला दयेचा मुद्दा. पुनरुज्जीवित झालेली प्रत्येक रचना थोर आहे, असा माझा दावा नाही आणि काही आयोजक संगीतापेक्षा शोकांतिकाच पुढे करतात, हेही मान्य आहे. पण हास थोर चेक संगीतकार यानाचेकचा शिष्य होता, उलमान नामवंत ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्गकडे शिकला होता. उलमानच्या 'अटलांटिसचा सम्राट' या संगीतिकेची संहिता छावणीतल्या कैद्यांच्या नोंदीच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर टंकलेली आहे. तिचा पहिला प्रयोग ॲम्स्टरडॅमला झाला तो १९७५ मध्ये. "चांगले असते तर आपोआप टिकले असते" म्हणणाऱ्यांनी हासच्या त्या रचनेचे काय झाले, ते पाहावे. आन्चेर्ल ऑशविट्झमधून जिवंत परतला, टेरेझिनमध्ये त्याला वादकांच्या सुट्या प्रती सापडल्या, पण डबल बास या मोठ्या तंतुवाद्याची प्रत सापडली नाही. ती नव्याने लिहून काढावी लागली, तेव्हा कुठे ती रचना पुन्हा वाजली. पुतण्याला मी तीच ऐकवली.