जानेवारीच्या पेपर-बिलाबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

सर, नमस्कार.

तुम्ही दोन तारे देऊन लिहिले आहे की पेपर वेळेवर येतो, पण बिलाचा भरवसा नाही. आठ दिवस गावाला होतात, तरी पूर्ण महिन्याचे बिल आले. २७ जानेवारीला पेपर आलाच नाही, तरी त्याचे पैसे लावले. इंग्रजी पेपरची वर्षाची वर्गणी भरलेली असूनही तो बिलात दिसतो. पावतीवर दुसऱ्याच फ्लॅटचा नंबर आहे आणि जीएसटी क्रमांक कुठेच नाही. रक्कम लहान असली तरी हिशेब चोख हवा, हे तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य. हेच प्रश्न इतर ग्राहकांनाही पडतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आधी २७ तारीख. २६ जानेवारीला दैनिकांच्या कचेऱ्यांना सुट्टी असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा अंकच निघत नाही. १५ ऑगस्टनंतर १६ तारखेलाही तसेच, आणि दसरा-दिवाळीतही असे दिवस येतात. हे दिवस आधीच माहीत असल्यामुळे बिल लिहितानाच वगळले जातात. तुमच्या मराठी पेपरची किंमत सोमवार ते शनिवार ५ रुपये आणि रविवारी ७ रुपये आहे. जानेवारीत रविवार चार, म्हणजे २८ रुपये. उरलेल्या २७ दिवसांतून २७ तारीख वजा केली की २६ दिवसांचे १३० रुपये. एकूण १५८. तुम्ही ३० गुणिले ५ असे १५० धरले असणार. वरचे ८ रुपये रविवारच्या जादा किमतीचे आहेत, २७ तारखेचे नाहीत. अंकाची किंमत त्या-त्या दिवशीच्या पेपरवर छापलेली असते, ती ताडून पाहता येईल. घरपोचचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही, आमचे उत्पन्न कमिशनाचे.

आता आठ दिवसांची बंदी, म्हणजे पेपर बंद ठेवण्याचे दिवस. हा खरा मुद्दा आहे आणि बिलातले सर्वांत जास्त घोळ इथेच होतात. आमच्या नोंदवहीत प्रत्येक घराला एक आडवी ओळ असते आणि तिच्यापुढे १ ते ३१ असे चौकोन. पेपर बंद असेल त्या दिवसावर फुली पडते. बिल लिहिणारा माणूस फक्त फुल्या मोजतो. घर बंद होते की उघडे, हे त्याला कळायला दुसरा मार्ग नाही. फुली पडण्यासाठी निरोप दुकानात यावा लागतो, तोही आदल्या दिवशी संध्याकाळी ६ च्या आत, कारण त्यानंतर दुसऱ्या दिवशीची मागणी डेपोला, म्हणजे आम्ही जिथून अंक उचलतो तिथे, कळवली जाते. एकदा मागणी गेली की अंक आमच्या नावावर पडतो. उरलेला अंक बहुतेक दैनिके परत घेत नाहीत, तो रद्दीतच जातो.

तुम्ही लाइनवरच्या, म्हणजे घरोघर पेपर टाकणाऱ्या मुलाला दारात सांगितलेत. पहाटे पुरवण्या भरून, गठ्ठा सायकलला लावून तो निघतो, तेव्हा त्याच्याकडे वही नसते. त्यात परीक्षेच्या दिवसांत बदली मुलगा लाइन करतो. पहिल्याला सांगितलेले दुसऱ्याला कळत नाही. पण आमच्या माणसाला सांगितले म्हणजे आम्हाला सांगितले, असेच आम्ही धरतो. त्यामुळे १० ते १७ जानेवारी हे आठही दिवस वजा केले आहेत: सात दिवसांचे ३५ आणि ११ तारखेच्या रविवारचे ७, मिळून ४२ रुपये. इंग्रजी पेपरचे मात्र या दिवसांचे काही वजा होणार नाही, कारण त्याचे पैसे तुम्ही योजनेत थेट कंपनीकडे भरले आहेत.

यापुढे बंदी कळवताना दुकानाच्या क्रमांकावर मेसेजच करा, म्हणजे दोघांकडेही लेखी राहील. त्यात विंग, फ्लॅट, पेपरचे नाव, बंदीचा पहिला दिवस आणि पेपर पुन्हा हवा तो दिवस लिहा. ‘१७ ला परत येतोय’ एवढेच लिहिले तर १७ चा पेपर टाकायचा की १८ पासून, हे कळत नाही, आणि एका दिवसाचा फरक बहुतेक वेळा यातूनच पडतो. ‘१८ पासून चालू’ असे लिहिले की प्रश्न मिटतो. आणखी एक गोष्ट: बिले २६ ते २८ तारखेच्या दरम्यान लिहिली जातात. त्यानंतरची बंदी त्या महिन्यात दिसत नाही, पुढच्या बिलात ‘मागील वजा’ या रकान्यात येते.

इंग्रजी पेपर बिलात आला तो कूपनामुळे. वार्षिक योजनेत तुम्हाला बारा महिन्यांच्या कूपनांचे पुस्तक मिळाले आहे. रोजच्या अंकाचे पैसे डेपोला आम्हीच भरतो, आणि तुमचे त्या महिन्याचे कूपन जमा केल्यावर ते आम्हाला मिळतात. जानेवारीचे कूपन अजून आलेले नाही, म्हणून ती ओळ रोखीची म्हणून लिहिली गेली. कूपन बिल नेणाऱ्याकडे द्या, तो तिथेच ती ओळ खोडून सही करील. पण फार उशीर नको, मुदत टळलेले कूपन कंपनी आमच्याकडून घेत नाही. मग पैसे भरूनही तुमचाच तोटा होतो आणि वाद मात्र आपल्यात लागतो.

पावतीचे असे झाले की पैसे यूपीआयने आले, त्यासोबत टीप नव्हती, आणि खात्याच्या नावातले आडनाव तुमच्या विंगमध्ये दोन घरांचे आहे. रक्कम दुसऱ्या घराच्या नावे जमा झाली आणि पावतीही त्याच नंबरची निघाली. असे राहिले असते तर पुढच्या महिन्यात तुमच्या नावावर ‘मागील बाकी’ दिसली असती. तुमचा नंबर इथे जाहीर लिहीत नाही, पण नोंद तुमच्या ओळीत आणली आहे, स्थळप्रतीवर दुरुस्तीची सही आहे आणि नवी पावती शनिवारी पेपरसोबत येईल. पैसे पाठवताना टिपेत, उदाहरणार्थ, ‘बी ४०२ जाने’ एवढे लिहिले तरी पुरते. मुलाच्या किंवा सुनेच्या खात्यातून पैसे येतात तेव्हा तर ते लिहाच.

जीएसटी क्रमांक नाही, कारण छापील वृत्तपत्रांवर हा कर शून्य आहे आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. तुमच्याकडून कराचा एक पैसाही घेतलेला नाही.

फेब्रुवारीच्या बिलात ‘मागील वजा ४२’ ही ओळ आहे की नाही ते पाहून घ्या. नसेल तर पैसे न देता बिल परत पाठवा, दुसरे लिहून देऊ.