भट्टीचा खर्च मांडलात, सोमलाचाही मांडा

ज्या खनिजातून सोनं सहजी सुटत नाही अशा ‘हट्टी’ खनिजावर, सोनं विरघळवणाऱ्या सायनाइडआधी भट्टीत भाजणी हाच सगळ्यात स्वस्त उपाय, असं तुमच्या लेखात म्हटलंय. मी खनिजांच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून राहवत नाही.

आर्सेनोपायराइटचा, म्हणजे लोह, आर्सेनिक आणि गंधक असलेल्या अशाच एका खनिजाचा, घासून चकचकीत केलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पांढुरके, रुपेरी कण दिसतात, सोनं मात्र कुठेच दिसत नाही. ते त्या स्फटिकाच्या आतच अडकलेलं असतं. कितीही बारीक दळा, सायनाइड तिथवर पोचत नाही. म्हणून आधी ते सल्फाइड, म्हणजे गंधकाचं संयुग, फोडावं लागतं.

भाजलं की ते फुटतं, पण आर्सेनिक धुरातून सोमल, म्हणजे त्याचं विषारी ऑक्साइड, होऊन बाहेर पडतं. कॅनडातल्या यलोनाइफजवळची जायंट खाण बघा. १९४९ पासून सुमारे अर्धं शतक तिथे भाजणी चालली. १९५१ मध्ये दूषित बर्फाचं पाणी पोटात गेल्यानं डेने या तिथल्या आदिवासी समाजाचं एक लहान मूल दगावलं. जमिनीखाली साठवलेला २,३७,००० टन सोमल आजही तिथेच आहे. तो गोठवून ठेवावा लागतोय. हा खर्च तुमच्या हिशोबात कुठे आहे?

ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात, २०० अंश सेल्सिअसच्या आसपास, ऑक्सिजनच्या दाबाखाली तेच सल्फाइड फोडलं तर आर्सेनिक बरंचसं लोहाशी बांधलं जाऊन घन गाळात उतरतं. कॅलिफोर्नियातल्या मॅक्लॉफ्लिन खाणीत १९८५ मध्येच हे सुरू झालं होतं. यंत्र महाग आहे, मान्य. त्यात तयार होणारं आम्ल मारायला चुनाही भरपूर लागतो. तरी तुलना करताना सोमलाची रक्कम तुमच्या हिशोबात घाला, एवढी विनंती.