गिरण्या एका संपाने बुडाल्या, हे खरं नाही

१९८२ चा गिरणी संप सुरू झाला ती तारीख, १८ जानेवारी, जवळ आली की आमच्या जुन्या चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो तिघांनी तीनदा पाठवला. थोडक्यात असा: "१९८२ पर्यंत मुंबईच्या गिरण्या धो धो चालत होत्या. दत्ता सामंत नावाच्या एका माणसाने हट्टाने संप लादला, अवाच्या सवा पगार मागितला. संपानंतर गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. अडीच लाख मराठी घरं देशोधडीला लागली आणि त्या चुकीची फळं आपण आजही भोगतोय." खाली हात जोडलेल्या बाहुल्या आणि 'पुढे पाठवा'.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, होते. हा मजकूर पाठवणाऱ्यांतही गिरणी कामगारांचीच मुलं आहेत, म्हणून जास्त लागतं. आपल्याच बापांनी आपल्याच हाताने चूल विझवली, असं आपणच नातवंडांना शिकवतोय. एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

"१९८२ पर्यंत गिरण्या धो धो चालत होत्या."

सगळ्यांत मोठी गफलत इथे आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. तेव्हापासून हा धंदा कधीच फक्त मालक आणि कामगार यांच्या मर्जीवर चालला नाही. अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे पैशांचा पूर आला. १८६५ ला ती यादवी संपली आणि इथे पेढ्या बुडाल्या. पुढे मुंबईचं सूत चीनला जायला लागलं, तर त्या बाजारात जपान उतरला. १८९६ ला प्लेग आला आणि कामगार गाठोडी उचलून कोकणात, देशावर पळाले. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांनी रात्रंदिवस कापड काढलं, मालकांनी बक्कळ पैसा केला, पण यंत्रं झिजली ती झिजलीच.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. १९२८ साली याच मुंबईत गिरण्यांचा संप झाला होता. लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, गिरणी कामगार युनियनने तो लढवला. साधारण सहा महिने भोंगे गप्प होते आणि दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्या संपाने हा धंदा बुडाला का? नाही. त्यानंतरही गिरण्या पन्नास वर्षं चालल्या. मोठा संप झाला म्हणजे गिरणी मरतेच, असं असतं तर लालबाग-परळ १९२८ लाच ओस पडायला हवं होतं. म्हणजे १९२८ आणि १९८२ च्या मधे पायाखालची जमीन बदलली होती. ती कशी बदलली, याचा त्या मजकुरात शब्दही नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हातमाग वाचवायचं ठरवलं. हेतू चांगला होता. १९५६ च्या धोरणाने गिरण्यांना नवे माग वाढवायला जवळजवळ बंदी आली. पण ती मोकळी झालेली जागा हातमागाने भरलीच नाही. ती भरली छोट्या शेडमधल्या, विजेवर चालणाऱ्या यंत्रमागाने, भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत, सुरतेत. गिरणीला अबकारी कर जास्त, यंत्रमागाला कमी किंवा माफ. गिरणीला फॅक्टरी कायदा, प्रॉव्हिडंट फंड, बोनस, तीन पाळ्या. यंत्रमागाच्या शेडला यातलं फारसं काही लागू नाही. वर गिरण्यांनी स्वस्त 'कंट्रोलचं' कापड ठरलेल्या भावात काढायचं. ज्यांच्या घरात ते धोतर नाहीतर पातळ आलं असेल, त्यांना ते आठवेल.

परिणाम काय झाला? पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त कापड गिरण्यांमध्ये विणलं जायचं. १९८२ चा संप सुरू होण्याआधीच तो वाटा निम्म्याच्या खाली गेला होता. ही घसरण संपाने कशी केली असेल?

गिरण्या आजारी पडायला तर साठच्या दशकातच सुरुवात झाली होती. बुडीत गिरण्या सांभाळायला केंद्र सरकारने १९६८ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, आपलं एन. टी. सी., काढलं. १९७४ च्या कायद्याने देशभरातल्या १०३ आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यात मुंबईच्या होत्या. इंडिया युनायटेडसारखा एके काळचा बलाढ्य समूहसुद्धा होता. धो धो चालणाऱ्या गिरण्या सरकारला ताब्यात घ्याव्या लागत नाहीत.

आता आतलं सांगतो. वडील ज्या मागावर उभे राहायचे तो त्यांच्यापेक्षा वयाने मोठा होता. धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. त्यातली दोऱ्याची कांडी संपली की नवी भरायची आणि धोट्याच्या बारीक भोकातून दोरा बाहेर काढायला तोंड लावून श्वासाने ओढायचा. दिवसातून किती वेळा, त्याची गणती नाही. दोऱ्याबरोबर कापसाची पूड छातीत जायची. घरी आले की आई त्यांचा सदरा गॅलरीत नेऊन झटकायची आणि खाली पांढरं काहीतरी तरंगत जायचं. हे सत्तरच्या दशकातलं. जगात तोवर बिनधोट्याचे माग आले होते. तो पैसा इथे का आला नाही? काही मालकांनी यंत्रं बदलली, हे मान्य. पण पुष्कळांनी कापडातला नफा काढून दुसऱ्या धंद्यांत घातला आणि गिरणीकडे दूध देईल तोवर पिळायची गाय म्हणून पाहिलं.

शिवाय दत्ता सामंत मुंबईचे कामगार नेते. मग अहमदाबादच्या गिरण्या कोणी बंद पाडल्या? तिथे तर गांधीजींच्या शिकवणीतली मजूर महाजन ही युनियन होती, संप टाळणारी. तरी ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथल्या गिरण्या एकामागून एक मिटल्या. कानपूरच्या मिटल्या. नागपूरची एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांनी १८७७ ला सुरू केलेली, तीही शेवटी गेली. सोलापूरची जुनी गिरणी साठच्या दशकातच बंद झाली होती. एवढंच काय, इंग्लंडमधल्या ज्या लँकेशायरने जगाला कापड घातलं तिथल्या गिरण्यांची धुराडी आपल्याआधी थंडावली.

"एका माणसाने हट्टाने संप लादला."

ऑक्टोबर १९८१, तोंडावर दिवाळी, बोनसचा वाद. मान्यताप्राप्त युनियनने केलेली तडजोड कामगारांना पटली नाही. काही गिरण्यांचे कामगार स्वतः घाटकोपरला डॉक्टर सामंतांच्या घरी गेले आणि नेतृत्व करा म्हणून अडून बसले. डॉक्टरांनी आधी नकार दिला होता, विचार करा म्हणाले होते. कामगार त्यांच्याकडे गेले, ते कामगारांकडे आले नाहीत.

का गेले, हे समजायला एक कायदा माहीत हवा: १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, गिरणगावाच्या, म्हणजे लालबाग-परळ भागाच्या, बोलीत 'बी. आय. आर.'. या कायद्याने एका उद्योगात एकच 'प्रातिनिधिक' युनियन. मालकांशी बोलायचा हक्क तिलाच. मुंबईच्या कापडधंद्यात तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, म्हणजे काँग्रेसच्या छायेतल्या युनियनला. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला तरी तिला हलवणं जवळपास अशक्य. दुसऱ्या कोणी संप केला की तो बेकायदा. म्हणून संपाच्या मागण्यांत पगारवाढीइतकीच मोठी मागणी होती की हा कायदा जावा आणि आम्हाला आमची युनियन निवडू द्या. ही मागणी मजकुरातून साफ गाळली आहे. चाळीचा सेक्रेटरी आपण मतांनी निवडतो, आणि ज्या माणसावर आपला पगार ठरतो तो निवडायचा हक्क मागितला तर तो हट्ट?

सामंतांचं काही चुकलंच नाही, असं मी म्हणत नाही. एवढ्या लांबच्या लढाईची शिदोरी नव्हती. मागे फिरायची वाट ठेवली नव्हती. समोर गिरणीमालकांपेक्षा सरकार उभं आहे आणि ते बी. आय. आर. सोडणार नाही, हे वेळेत ओळखलं गेलं नाही. त्या संपाने आमच्या घरातलं सोनं गेलं, थोरल्या बहिणीची शाळा सुटली. संप रीतसर कधी मागेही घेतला गेला नाही, नुसता विरत गेला. आजारी माणसाला त्या संपाने जोरात धक्का दिला, हे खरं. पण आजार संपाने दिला, हे खोटं.

"अवाच्या सवा पगार मागितला."

गिरणी कामगार तेव्हा मुंबईतल्या इंजिनिअरिंग आणि औषध कंपन्यांतल्या कामगारांच्या मागे पडला होता. त्याला तेवढंच हवं होतं. आणि अडीच लाखांत हजारो 'बदली' होते. हा शब्द आता नव्या पोरांना कळत नाही. बदली म्हणजे रोज पाळीच्या आधी गिरणीच्या दाराशी उभं राहायचं, हातात पास. कोणी खाडा केला तर आत, नाही तर परत घरी. वडिलांनी नऊ वर्षं बदली काढली. आई सांगते, सकाळी ते निघून गेल्यावर ती तासभर जिन्याकडे कान लावून बसायची. पावलं लवकर परत आली तर त्या दिवशी पगार नाही. बदलींना कायम करा, हीही संपाची मागणी होती.

आता खऱ्या हिशोबाचं बोलू. गिरणी महाग पडायला लागली ती कोणाच्या तुलनेत? भिवंडीच्या शेडच्या. माझा मामेभाऊ तिथे होता. बारा तासांची पाळी, पगार मीटरवर, रजा नाही, फंड नाही, दोन मागांच्या मधे अंग चोरून चालायचं आणि रात्री त्याच गल्लीत आडवं व्हायचं. तिथले कितीतरी माग मुंबईच्याच गिरण्यांनी भंगारात काढलेले. संपाच्या काळात मुंबईच्या मालकांनी स्वतःचं कापड तिथे विणून घेतलं आणि त्यावर गिरणीचा छाप मारून विकलं. दुकानात माल कमी पडला नाही, म्हणूनच संप लांबवणं मालकांना परवडलं. भिवंडीचा स्वस्तपणा कोणाच्या घामातून आला, हे पाहिलं की 'अवाच्या सवा' हा शब्द जिभेवर येऊ नये.

"संपानंतर गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत."

साफ चूक. १९८३ पर्यंत बहुतेक गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, कमी माणसांवर. लाखाहून जास्त कामगारांना परत घेतलं नाही. १३ गिरण्यांचा कारभार ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने हाती घेतला. कितीतरी गिरण्या नव्वदच्या दशकात चालू होत्या. एन. टी. सी.च्या टाटा मिल आणि पोदार मिल तर २०२० चं लॉकडाउन लागेपर्यंत चालू होत्या. माझे वडील १९८३ च्या पावसाळ्यात परत लागले आणि आणखी सोळा वर्षं त्यांनी त्याच गिरणीत काढली.

"त्या चुकीची फळं आपण आजही भोगतोय."

भोगतोय, पण चूक कुठली ते पाहू. १९८५ च्या नव्या कापड धोरणाने न परवडणारी गिरणी बंद करायला वाट मोकळी केली. तोवर गिरणगावात कापडापेक्षा कापडाखालची जमीन महाग झाली होती. ५८ गिरण्या, सहाशे एकरांच्या आसपास जागा, तीही शहराच्या मध्यावर.

१९९१ च्या विकास नियमावलीत नियम क्रमांक ५८ आला. गिरणीची जागा विकसित करायची तर तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. नियम न्यायाचा होता. २००१ साली त्यात एक दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचे. शेड पाडून जी जागा निघेल ती हिशोबात नाही. आता गिरणी म्हणजे काय असते? भिंतीपासून भिंतीपर्यंत शेडच शेड. त्या एका बदलाने शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याची बहुतेक जमीन निसटली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कामगारांच्या आणि शहराच्या बाजूने कौल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली.

त्याच सुमारास, २००५ मध्ये, एन. टी. सी.ने पाच गिरण्यांच्या जागा विकल्या. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना गेली, दादरची कोहिनूर क्रमांक ३ ही ४२१ कोटींना. तेव्हा सामंत हयात नव्हते. १६ जानेवारी १९९७ रोजी त्यांची हत्या झाली होती. हे व्यवहार कोणत्या संपाच्या खात्यावर मांडायचे?

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. घरं सात हजारांच्या आत, अर्ज लाखाच्या कितीतरी वर. वडील त्याआधीच गेले होते. आईने वारस म्हणून अर्ज भरला. त्याची पावती तिने पत्र्याच्या ट्रंकेत, वडिलांच्या बदली पासाला रबर लावून ठेवली आहे. प्रत्येक सोडतीच्या आदल्या रात्री ती दोन्ही काढून पाहते आणि नंबर मला पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावते.